डाग दिसला त्या दिवसापासून

कुष्ठरोग शोधमोहीम निघाली की कोल्हापूर जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर आशाताई दारोदार फिरतात. प्रश्न ठरलेला असतो. घरात कुणाच्या अंगावर फिकट, लालसर, बधिर डाग आहे का? बरीच घरं "काही नाही बाई" म्हणून मोकळी होतात. एखादं घर मात्र धीर करून डाग दाखवतं. डाग दुधासारखा पांढराशुभ्र असतो, त्यावर टोचलेलं समजतं, गरम-गार कळतं. आशाताई प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात, तिथले डॉक्टर तपासतात आणि सांगतात, "घाबरू नका, हा कुष्ठरोग नाही." घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. मोहिमेचं काम तिथं संपतं. तो कुष्ठरोग नाही एवढं कळलं. पण मग तो काय आहे, त्यावर औषध आहे का, कुठं मिळतं, कधी सुरू करायचं, यातलं काहीच त्या घराच्या पदरात पडत नाही.

त्या डागाला आपण कोड म्हणतो, डॉक्टर व्हिटिलिगो म्हणतात. जुन्या पिढीत आणि भिंतींवरच्या जाहिरातींत तो अजून 'श्वेतकुष्ठ' आहे, आणि या नावानं बिचाऱ्या रोग्याला फुकटची भीती चिकटवली आहे. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, त्याचा डाग सहसा पूर्ण पांढरा नसतो आणि तिथली संवेदना कमी झालेली असते. कोडात जंतू नाही, बधिरपणा नाही आणि लागण तर नाहीच नाही. एका ताटात जेवलं, एक टॉवेल वापरला, एका अंथरुणात झोपलं, बाळाला अंगावर पाजलं, तरी ते एकाचं दुसऱ्याला होत नाही.

जगभरच्या पाहण्यांत कोडाचं प्रमाण साधारण हजारी पाच ते वीस असं येतं. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. खालचाच आकडा धरला तरी १९ हजारांवर माणसं होतात. त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास लोकांना पहिला डाग वयाच्या विसाव्या वर्षाआधी उमटतो, म्हणजे शाळा-कॉलेज, भरतीची तयारी आणि लग्नाची बोलणी यांच्या ऐन तोंडावर. मग महाद्वार रोडवरच्या गर्दीत ही माणसं दिसत कशी नाहीत? असतात की. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायांत मोजे, गळ्याभोवती स्कार्फ.

कोड शरीराला फारसं दुखवत नाही, मनाला दुखवतं, हे आता बरेच लोक बोलतात, आणि ते खरंही आहे. पण या लपवण्याचा हिशेब फक्त मनाच्या खात्यावर मांडून चालत नाही. लपवलेलं कोड बरं व्हायला अधिक अवघड होतं, आणि याचं कारण थेट त्वचेच्या आत आहे.

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलानोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवून शेजारच्या पेशींना वाटतात. कोडात शरीराची संरक्षण-यंत्रणा याच पेशींना परकं समजून त्यांच्यावर तुटून पडते. 'टी-पेशी' नावाचे रक्तातले शिपाई त्वचेत उतरतात, इंटरफेरॉन-गॅमा हे रसायन सोडतात, त्या रसायनाच्या हाकेनं आणखी शिपाई येतात आणि रंग बनवणाऱ्या पेशी एकामागून एक मरतात. रक्त 'खराब' झालेलं नसतं, पोटात 'उष्णता' नसते, नागाचा शाप नसतो आणि गेल्या जन्मीचा हिशेबही नसतो. आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. एकसारख्या जुळ्यांचा अभ्यास झाला आहे. जनुकं तंतोतंत सारखी असूनही एकाला कोड असेल तर दुसऱ्याला ते असण्याचं प्रमाण २३ टक्के निघालं. आई किंवा वडिलांना कोड असेल तर मुलाला होण्याची शक्यता पाच-सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शंभरातल्या नव्वदहून अधिक मुलांना ते होत नाही. याच बिघडलेल्या यंत्रणेचा हात कधीकधी थायरॉइड ग्रंथीवरही पडतो. म्हणून डॉक्टर थायरॉइडची रक्ततपासणी सांगतात, ती टाळू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. डागातल्या वरच्या पेशी गेल्या, तरी केसांच्या मुळाशी रंगपेशींचा एक राखीव साठा बराच काळ जिवंत असतो. कोल्हापूरच्या शेतकऱ्याला हे समजवायला चित्र काढावं लागत नाही. ऊस तोडून कारखान्याला गेला तरी जमिनीत बुडखा जिवंत असेल तर खोडवा फुटतो. बुडखाच कुजला तर नव्यानं लागण करावी लागते. औषध लागू पडतं तेव्हा पांढऱ्या डागात आधी केसांभोवती मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसतात, मग ते पसरत एकमेकांना मिळतात. तो साठ्यातून फुटलेला रंग असतो. डागावरचे केससुद्धा पांढरे झाले की समजावं, साठाही संपत आला. त्यानंतर मलमानं आणि प्रकाशानं रंग परत येणं फार अवघड. चेहरा आणि मान लवकर सुधारतात, तर ओठ, बोटांची टोकं आणि तळवे हट्टी असतात, कारण तिथं केसच नाहीत किंवा अगदी विरळ आहेत. पसरणारा नवा डाग आणि दहा वर्षांचा पांढऱ्या केसांचा डाग यांच्यात एवढा फरक आहे. मधली वर्षं कशात गेली, ते प्रत्येक घर आपापलं जाणतं.

बहुतेकदा ती अशी जातात. मुलीच्या गुडघ्यावर किंवा पापणीपाशी डाग दिसतो. आजी म्हणते, "पोरीचं लगीन हुईस्तोवर कुणाला कळाय नगो." हे ती मायेपोटीच म्हणते. ओळखीच्या डॉक्टरकडे जायचं नाही, कारण त्याच्या दवाखान्यात गावातलं कुणी बसलेलं असेल. सरकारी रुग्णालयात जावं, तर विभागाच्या पाटीवर त्वचेच्या शेजारी 'गुप्तरोग' लिहिलेलं. आपल्याकडे त्वचा, गुप्तरोग आणि कुष्ठरोग हे एकाच डॉक्टरच्या शिक्षणात येतात आणि देशातल्या या तज्ज्ञांच्या संघटनेच्या नावातही तिन्ही आहेत. शास्त्राच्या दृष्टीनं त्यात गैर काहीच नाही. पण सतरा वर्षांच्या मुलीनं त्या पाटीखालच्या बाकावर बसावं ही अपेक्षा भाबडी आहे. मग परगावचा वैद्य शोधला जातो, आणि सुरू होतं पथ्य.

पथ्य म्हणजे दूध बंद, दही बंद, लिंबू-चिंच बंद, मासे आणि दूध एकत्र तर महापाप. ज्या जिल्ह्यात गोकुळचं दूध घराघरांतून गोळा होतं, जिथं गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध कट्ट्यावर उभ्यानं प्यायची रीत आहे, तिथं वाढत्या वयाच्या पोरीला दूध तोडायचं! पांढरं खाल्ल्यानं पांढरे डाग पडत असते, तर पांढरा रस्सा ओरपणाऱ्या या शहरात सावळा माणूस औषधालाही सापडला नसता. दूध, दही किंवा आंबट खाण्यानं कोड होतं किंवा वाढतं, याला आधार नाही. पथ्यानं कोड थांबत नाही; मूल अशक्त होतं आणि रोज ताटावर बसलं की त्याला आपल्या आजाराची आठवण मात्र होते.

बावचीची गोष्ट वेगळी आहे, तिला हसून सोडता येत नाही. पांढऱ्या डागांवरच्या वनस्पतींचा शोध फार जुना आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातही अशा वनस्पतीची प्रार्थना आहे. बावचीचं बी आयुर्वेदात कोडासाठी शतकानुशतकं वापरलं गेलं आणि त्यात खरोखर दम आहे. तिच्यात सोरालेन नावाचं द्रव्य असतं. ते त्वचेवर लावून ऊन घेतलं की त्वचा उन्हाला कित्येक पटींनी हळवी होते आणि राखीव रंगपेशी जाग्या होऊ शकतात. इजिप्तमध्येही नाईलकाठच्या अशाच एका झाडाचं बी लोक वापरत. कैरोच्या डॉ. अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात त्यातलं द्रव्य घेऊन रुग्णांवर उपचार केले, आणि तिथून आधुनिक प्रकाशोपचाराची वाट निघाली. म्हणजे परंपरेनं हात घातला तो योग्य जागी. अडचण मात्रेची आहे. घरी वाटलेल्या बावचीत सोरालेन किती, आज ऊन किती कडक, त्वचा किती गोरी, हे काहीच मोजलेलं नसतं. अर्धा तास अंगणात बसलेलं मूल संध्याकाळी फोड घेऊन येतं. कोडाची त्वचा भाजली तर त्या जखमेतून डाग आणखी वाढू शकतो. आणि गगनबावड्यासारख्या ठिकाणी, जिथं पावसाळ्यात दिवसचे दिवस सूर्यदर्शन नाही, तिथं उन्हाचा उपचार जूनमध्ये बंद पडतो तो दसऱ्याच्या सुमारास पुन्हा सुरू होतो.

तिसरी वाट मेडिकलच्या दुकानातल्या मलमाची. काउंटरवर डाग दाखवायचा आणि ट्यूब घेऊन यायची. त्या ट्यूबमध्ये बहुधा जोरदार स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड मलम कोडावर चालतंही, पण किती ताकदीचं, कुठं आणि किती दिवस, हे ठरवणं तज्ज्ञाचं काम आहे. पापणीवर आणि चेहऱ्यावर महिनोन् महिने चोळलं तर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी कित्येक मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन घातलं; काउंटरवरचा व्यवहार त्यामुळे किती बदलला, हे वाचकांना ठाऊक आहे. दुसरं असं की प्रत्येक फिकट डाग कोडाचा नसतोच. लहान मुलांच्या गालावरचे पांढुरके, किंचित खरखरीत चट्टे किंवा घाम येणाऱ्या पाठीवरची शिबं वेगळी. या दोन्हींत रंग फिका होतो, पूर्ण जात नाही. तज्ज्ञाकडे अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्प नावाच्या दिव्याखाली कोडाचा डाग निळसर पांढरा उजळतो आणि शंका मिटते. पाच मिनिटांचं काम.

कोडाला आणखी एक वाईट खोड आहे. त्वचा जिथं सारखी घासते, दबते किंवा खरचटते, तिथं ते नव्यानं उगवतं. परकराचा करकचून बांधलेला नाडा, घड्याळाचा घट्ट पट्टा, चावणारी नवी कोल्हापुरी चप्पल. चप्पल सोडायची गरज नाही, पण ज्याचं कोड पसरतंय त्यानं ती तेल पाजून मऊ झाल्यावर घालावी आणि नाड्याऐवजी रुंद पट्टी वापरावी. टिकलीचं प्रकरण त्याहून पुढचं. काही टिकल्यांच्या डिंकात असलेलं एक फिनॉल जातीचं रसायन रंगपेशींना थेट मारतं. कपाळाच्या मधोमध टिकलीच्याच आकाराचा पांढरा गोल उमटलेल्या बायका त्वचारोगतज्ज्ञ नेहमी पाहतात. अशा वेळी टिकली तातडीनं बंद करायची. कुंकू लावावं, पण तेही अंगाला मानवतंय ना हे पाहून. रबरी चपला आणि हातमोज्यांतली काही रसायनंही याच जातीची. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात रबरी हातमोजे घालणाऱ्या कामगारांचे हात पांढरे पडले, तेव्हा हे पहिल्यांदा ध्यानात आलं. आणि २०१३ मध्ये जपानच्या कानेबो कंपनीला आपली गोरेपणाची प्रसाधनं बाजारातून परत घ्यावी लागली, कारण त्यांतल्या एका द्रव्यामुळे हजारो बायकांच्या चेहऱ्यावर पांढरे डाग उठले होते. गोऱ्या कातडीचा सोस आणि पांढऱ्या डागाची दहशत एकाच कपाटात सुखानं नांदतात, हे मला नेहमी चमत्कारिक वाटत आलं आहे.

उपचारांकडे वळू. आज त्यांची बाजू पूर्वीपेक्षा खूप बळकट आहे. डाग झपाट्यानं पसरत असतील तर आधी पसरणं थांबवायचं. त्यासाठी आठवड्यातून सलग दोनच दिवस स्टेरॉइडची गोळी देण्याची पद्धत दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. जे. एस. पसरिचा आणि डॉ. बी. के. खेतान यांनी १९९३ मध्ये मांडली. ती आता बाहेरच्या देशांतही वापरतात. चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमससारखं स्टेरॉइड नसलेलं मलम आहे. रंगपेशींवरच्या हल्ल्याची हाक मध्येच तोडणारं रुक्सोलिटिनिब हे मलम अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये बारा वर्षांवरच्या रुग्णांसाठी मंजूर झालं. वर्षभर नवा डाग नाही आणि जुना वाढलेला नाही, अशा स्थिर कोडात मांडीवरच्या चांगल्या त्वचेतल्या रंगपेशी डागावर रोवण्याची शस्त्रक्रिया करता येते. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखं येणारं कोड वर्ष-दोन वर्षांत थांबतं, त्याला ती विशेष लागू पडते. ज्यांचं जवळजवळ सगळं अंग पांढरं झालं आहे, त्यांना उरलेला रंग काढण्याचाही मार्ग असतो. आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नाही, आहे तसं राहायचं आहे, त्यांचाही निर्णय पक्का आणि शहाणा असू शकतो; फक्त उघड्या डागांना उन्हापासून जपावं.

पण उपचारांचा कणा आहे प्रकाश. नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील किरणांचा मोजून दिलेला डोस. अॅमस्टरडॅममधून १९९७ मध्ये त्याचे कोडावरचे चांगले निकाल प्रसिद्ध झाले आणि सोरालेनची गोळी खाऊन ऊन घेण्याची जुनी पद्धत मागे पडू लागली. इथं गोळी नाही, मळमळ नाही, लहान मुलांना आणि गरोदर बाईलाही देता येतो. डोळ्यांवर चष्मा चढवून उभ्या कपाटासारख्या यंत्रात काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत थांबायचं. आठवड्यातून दोन-तीनदा. पहिले तीन महिने काही दिसत नाही म्हणून बरेच लोक सोडतात, नेमके चुकीच्या वेळी. सहा महिने होईपर्यंत 'उपयोग नाही' असं म्हणू नये, आणि पूर्ण फळ मिळायला वर्षही लागतं. महिन्यातून एकदा त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात मोबाइलवर डागाचा फोटो काढून ठेवावा. आरशाला न दिसणारे ठिपके त्यात सापडतात.

लग्नाचा विषय टाळून हे प्रकरण पुरं होणार नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा चित्रपट २००६ मध्ये आला. कोड असलेली तरुण नेत्रतज्ज्ञ, तिच्याशी लग्न करू पाहणारा मुलगा, आणि त्याच्या सुशिक्षित, सुसंस्कृत घरात सुरू झालेली कुजबुज. त्या घरात दुष्ट कुणीच नाही, आणि म्हणूनच तो चित्रपट पाहताना खुर्चीत चुळबुळ होते. त्यामागे पुण्याची 'श्वेता असोसिएशन' होती. संस्था सुरू करणाऱ्या डॉ. माया तुळपुळे स्वतः शल्यचिकित्सक, आणि त्यांच्या अंगावर कोड आहे. ते न झाकता त्या व्यासपीठावर उभ्या राहतात, बोलतात. रुग्णांच्या सभा, पालकांशी बोलणं, जोडीदार शोधण्यासाठी मेळावे अशी कामं या संस्थेनं केली. ठरलेल्या स्थळापासून डाग लपवण्याचा सल्ला कितीही मायेनं दिलेला असो, तो वाईट सल्ला आहे. पहिल्याच बोलण्यात सांगावं, सोबत आकडे सांगावे: लागत नाही, मुलांना होण्याची शक्यता इतकीच. नकार यायचा तर तेव्हाच येऊ दे.

तरुण मुलग्यांचं दुखणं आणखी निराळं. कोल्हापुरात पहाटे भरतीसाठी धावणारी पोरं मोजायला बसलं तर बोटं पुरणार नाहीत, आणि जवानांची परंपरा सांगणारी गावंही इथं कमी नाहीत. एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, भरतीसाठी छापल्या गेलेल्या वैद्यकीय निकषांत झाकलेल्या भागावरचं किरकोळ कोड स्वीकारता येईल असं म्हटलं आहे; उघड्या भागावर मात्र थोडंही चालत नाही. म्हणजे हातावर किंवा चेहऱ्यावर नुकता आलेला डाग ज्या पोराच्या साऱ्या तयारीवर पाणी फिरवू शकतो, तोच पोरगा डॉक्टरकडे जायला सर्वांत जास्त घाबरतो, आणि सर्वांत लवकर उपचारांचा फायदा नेमका त्यालाच आहे. डाग असलेला हात किंवा चेहरा लढाईत कुठं कमी पडतो, हा प्रश्न मला सुटलेला नाही, पण तो वेगळा.

२५ जून हा २०११ पासून जागतिक कोड दिन म्हणून पाळतात. मायकल जॅक्सनचा तो स्मृतिदिन. १९९३ मध्ये दूरचित्रवाणीवर आपल्या त्वचेच्या आजाराबद्दल बोलेपर्यंत जगानं त्याच्यावर मुद्दाम गोरं झाल्याचा आरोप केला होता. दुसऱ्याच दिवशी, २६ जूनला, कोल्हापूर शाहू जयंती साजरी करतं. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात भर रस्त्यावर चहा घेऊन विटाळ मोडणारा राजा ज्या गावाचा, त्या गावातल्या शाळांनी जयंतीच्या भाषणांत पाच मिनिटं कोडाला द्यायला हरकत नसावी. कोड लागत नाही, हे चौथीतल्या मुलाला एकदा नीट कळलं की डबा खाताना शेजारी बसायचं की नाही, हा प्रश्न वर्गापुरता तरी सुटतो.

आणि आशाताईंच्या हातात एक चिठ्ठी हवी. मोहिमेत बधिर डाग सापडला तर पुढची वाट लिहिलेली असते. पांढरा, बधिर नसलेला डाग सापडला तर त्यासाठीही त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवण्याची छापील चिठ्ठी असावी, नोंदवहीत एक रकाना असावा. घरोघर जाण्याचा खर्च तर आधीच झालेला आहे. चिठ्ठीपुढचा प्रश्न अंतराचा. प्रकाशोपचाराची यंत्रं शहरात आहेत. गगनबावडा कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटर. आठवड्यातून दोन खेपा धरल्या तर सहा महिन्यांत साडेपाच हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास होतो. चंदगडचा रुग्ण तर शंभर किलोमीटरांच्याही पलीकडचा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण बुडालेली मजुरी अर्धी होत नाही. डोस काही मिनिटांचा, दिवस मात्र अख्खा जातो. गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी एक यंत्र, ते चालवायला शिकवलेला एक माणूस आणि आठवड्यातून तीन दिवस कामावरून सुटल्यानंतरची वेळ मिळाली, तर आजरा आणि चंदगडच्या रुग्णांना कोल्हापूर गाठावं लागणार नाही. तज्ज्ञानं महिन्यातून एकदा येऊन डोस ठरवून दिला तरी मधल्या खेपा तिथल्या तिथं भागतात. विभागाच्या पाटीवर तेव्हा नुसतं 'त्वचा विभाग' लिहावं.